सोयाच्या गोंदात नॅनोसेल्युलोज: जेल, पावडर, की काहीच नको?

इंदूरला सांवेर रोडवर माझ्या भाच्याचा प्लायवूडचा छोटा कारखाना आहे. युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाच्या वासाने प्रेसजवळ डोळे चुरचुरतात, आणि गिऱ्हाइकंही आता बिनवासाचा माल मागतात. म्हणून तो सोयाच्या गोंदाकडे वळायचं म्हणतोय. "मामा, सोयाबीन तर आपल्या दारात पिकतं!"

पिकतं खरं. पण पशुखाद्याला जाणारी डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, चांगली भाजलेली असते. त्यातलं प्रथिन पाण्यात नीट मिसळत नाही, मग चिकटणार कसं? गोंदाला तेल काढलेलं, पण कमी तापवलेलं पीठ लागतं. आधी मिलवाल्याला हे विचारा, नॅनोबिनो नंतर.

युरियाचं रेझिन स्वस्त, घट्ट आणि झटपट कडक होणारं. सोयाच्या गोंदात पाणी खूप, त्यामुळे प्रेसमध्ये वेळ जास्त लागतो आणि वाफ कोंडली तर प्लायच्या थरांत फोड येतात. शिवाय साधा सोया गोंद पाण्यापुढे हात टेकतो. एके काळी अमेरिकेत प्लायवूड सोयावरच चालायचं, पण पाण्याला टिकणारी कृत्रिम रेझिनं आली आणि सोया मागे पडला.

मग नॅनोसेल्युलोज काय करतं? लाकडाच्याच धाग्यांचे नॅनोमीटर जाडीचे तंतू गोंदात जाळं विणतात. पीठ वाळताना गोंदाच्या थराला पडणाऱ्या बारीक भेगा त्यामुळे कमी होतात, आणि सच्छिद्र विनियर (प्लायवूडमधला लाकडाचा पातळ थर) सगळा गोंद पिऊन टाकत नाही. सुका जोड मजबूत होतो. पाण्याचं मात्र वेगळं आहे. सेल्युलोज स्वतःच पाणी ओढणारं, ते पाण्यापासून काय वाचवणार? ते काम क्रॉसलिंकरचं, म्हणजे प्रथिनाचे धागे एकमेकांना बांधणाऱ्या रसायनाचं. त्यासाठी सोयासोबत पीएई नावाचं रेझिन वापरतात. हातात पैसे थोडे असतील तर ते आधी तिथे घाला. विकणारे हा क्रम उलटा सांगतात!

नॅनोसेल्युलोज दोन रूपांत येतं. जेल म्हणजे लांब, गुंतलेले तंतू. थोड्या मात्रेत काम होतं, पण गोंद भराभर घट्ट होतो, गोंद पसरणाऱ्या स्प्रेडरचे रोलर कुरकुरतात. पावडर म्हणजे आम्लाने तोडलेले आखूड स्फटिक. गोंद त्यामानाने कमी घट्ट होतो, पण जाळं तितकं पक्कं होत नाही. जेल कधीही वाळवून ठेवू नका. तंतू एकदा एकमेकांना चिकटले की पुन्हा सुटत नाहीत, आणि महागडा माल नुसता भुसा होतो.

जेलमध्ये पाणीच जास्त, हा हिशेब भाच्याला कागदावर मांडून दाखवला. ३० किलो पिठाला १ टक्का म्हणजे ३०० ग्रॅम सुके तंतू. जेल २ टक्क्यांचं असेल तर ते १५ किलो झालं. त्यातलं १४.७ किलो पाणी घोळाच्या पाण्यातून वजा करा, नाहीतर प्रेसमध्ये फोड ठरलेलेच.

माझं मत जेलच्या बाजूने, पण अर्ध्या टक्क्यापासून सुरुवात करून. आधी जेलशिवाय, नुसत्या पीएईवर एक घाणा काढा. एमआर, म्हणजे ओल सोसणाऱ्या ग्रेडसाठी नमुने ६० अंशांच्या पाण्यात ३ तास बुडवतात. त्यात थर सुटले तर जेल टाकून ते जुळणार नाहीत. ८ तास उकळण्याची बीडब्ल्यूआरची (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडची) ऑर्डर असेल तर भाच्याला सांगितलंय, तूर्तास फिनॉलचंच रेझिन वापर.