दार्जिलिंगची वाफेची गाडी, भुसावळच्या फायरमनसोबत

माझे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी उमेदीची वर्षे भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन म्हणून काढली आणि डब्ल्यूजी जातीच्या इंजिनांच्या भट्टीत फावड्याने कोळसा भरत खंडव्याकडे आणि मनमाडकडे मालगाड्या नेल्या. वाफेचे इंजिन पुन्हा एकदा चालताना पाहायचे, ही त्यांची इच्छा होती. दार्जिलिंग हिमालयन रेल्वेची दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी वाफेची सहल-गाडी आम्ही गेल्या नोव्हेंबरात त्याच कारणासाठी निवडली. खानदेशातून इतका लांबचा प्रवास करून दोन तासांच्या गाडीत बसण्यासारखे तिथे काही आहे का, असे अनेकांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत आधी तिकिटाविषयी. याच मार्गावर डिझेल इंजिनाच्या सहल-गाड्याही धावतात, त्यांचे भाडे कमी असते, आणि जाहिरातीत मात्र सगळीकडे धूर सोडणारे इंजिनच छापलेले असते. आमचे आरक्षण ज्या प्रवासी संस्थेने केले तिने वाफेच्या गाडीचे पैसे घेऊन डिझेल गाडीचे तिकीट हातात ठेवले. तिकिटावरील गाडीचा प्रकार मी निघण्यापूर्वी नीट वाचला म्हणून ते रद्द करून योग्य तिकीट काढता आले. तेव्हा मध्यस्थावर न सोडता रेल्वेच्या आरक्षण संकेतस्थळावरून स्वतःच तिकीट काढावे आणि त्यावर वाफेचा उल्लेख आहे ना, हे पाहावे. भाडे माणशी दीड हजारांच्या घरात जाते आणि चौघांच्या कुटुंबाला ते निश्चितच जड वाटेल.

ते जड का आहे, हे आप्पांसोबत गाडी सुटण्याच्या बरेच आधी स्थानकावर जाऊन उभा राहिलो तेव्हा मला समजले. डिझेल इंजिन चालू करून लगेच गाडीला जोडता येते; वाफेच्या इंजिनाची आग मात्र कित्येक तास आधी पेटवावी लागते, आणि तीही सावकाश, कारण बॉयलरचा पत्रा सगळीकडे सारखा तापला नाही तर त्याच्या सांध्यांवर ताण येतो. इथे धावणारी इंजिने 'बी' वर्गाची आहेत. या वर्गाचे पहिले इंजिन १८८९ मध्ये शार्प स्ट्युअर्ट कंपनीने ब्रिटनमध्ये बांधले. चार चाकांच्या या इंजिनाला मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, नाही. पाणी बॉयलरवर खोगिरासारख्या बसवलेल्या टाकीत आणि कोळसाही इंजिनावरच. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. दुरुस्तीसाठी डोंगरात खाली तिनधारिया येथे या रेल्वेची स्वतःची कार्यशाळा आहे.

आणि माणसे किती लागतात ते पाहा. एक ड्रायव्हर, एक फायरमन, आणि कोळशाचे मोठे ढेकूळ हातोडीने फोडून भट्टीच्या तोंडात मावेल एवढे करून देणारा तिसरा गडी. रूळ ओले असले की इंजिनाच्या पुढच्या भागावर बसून रुळांवर हाताने वाळू टाकायची, म्हणजे चाके घसरत नाहीत, ही या रेल्वेची जुनी पद्धत. दोन-तीन लहान डबे ओढण्यासाठी एवढे हात राबतात, हे पाहिल्यावर भाड्याविषयीची माझी तक्रार संपली.

गाडी सुटली आणि चढ लागताच आप्पांनी खिडकीबाहेर पाहणे सोडून डोळे मिटून घेतले. मला वाटले, थंडी बाधली. ते म्हणाले, "ऐकू दे जरा. चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात; चारही सारखे पडतायत, इंजिन तब्येतीत आहे." थोड्या वेळाने धुराकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरगा शहाणा आहे. एकदम कोळसा ओतत नाही, थोडा थोडा पसरून टाकतोय. काळा धूर क्षणभर येतो आणि विरळ होतो बघ." मी लहानपणापासून ही इंजिने पाहिली; धूर वाचता येतो, हे मला त्या दिवशी कळले.

बतासियाच्या वळणावर गाडी सुमारे दहा मिनिटे थांबते. चढ सौम्य करण्यासाठी १९१९ मध्ये बांधलेले हे वळण, मधले गोरखा सैनिकांचे स्मारक आणि आकाश स्वच्छ असेल तर समोर कांचनजंगा, हे सगळे सुंदर आहे. छायाचित्रांसाठी मात्र फार गर्दी होते. घूमचे स्थानक २,२५८ मीटर उंचीवर असून ते भारतातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे. तिथे अर्धा तास मिळतो. संग्रहालय आणि बाहेर ठेवलेले 'बेबी सिवोक' हे चिमुकले इंजिन पाहण्यास तो पुरतो, पण फायरमनशी बोलायचे असेल तर संग्रहालय लवकर आटोपावे. आप्पांनी तेच केले. मोडक्या हिंदीत दोघे बराच वेळ भट्टीविषयी बोलत होते, आणि शेवटी त्या तरुण फायरमनने आप्पांना बॉयलरमधले पाणी किती आहे हे दाखवणारी काच दाखवली, जिच्यातली पातळी खाली गेली तर काय होते हे दोघांनाही सांगावे लागत नव्हते.

उणिवाही आहेत. बसायची जागा अरुंद आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्या उंच वाटतील. खिडकी उघडी ठेवली तर कोळशाचे कण डोळ्यांत जातात. साधा चष्मा जवळ ठेवावा आणि पांढरे कपडे घालू नयेत. गाडीत वा स्थानकावर इंजिनाविषयी माहिती सांगणारे मला कोणी दिसले नाही, आणि ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण बहुतेक प्रवासी डोंगर पाहून उतरतात आणि पुढे काय काम चालले आहे हे त्यांना कळतच नाही.

परतताना साहजिकच आमच्या पी.जे.चा विषय निघाला. पाचोरा ते जामनेर धावणारी ही अरुंद रुळांची गाडी २०२० मध्ये थांबली आणि आता तो मार्ग ब्रॉडगेज होतो आहे. दार्जिलिंगच्या रुळांतील अंतर दोन फूट, पी.जे.चे अडीच, दिसायला दोघी बहिणीच. दार्जिलिंगची रेल्वे १८८१ मध्ये पूर्ण झाली आणि १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ब्रॉडगेज जामनेरकरांना हवेच, त्याला माझा विरोध नाही. तरी शेंदुर्णीच्या बाजूचे चार-पाच किलोमीटर जुने रूळ आणि एक वाफेचे इंजिन राखले असते तर सुटीत मुलांना घेऊन जायला खानदेशात जागा झाली असती, आणि आप्पांसारखी माणसे हयात असतानाच कोणी तरी त्यांच्याकडून भट्टी पेटवायला शिकले असते.

जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, सकाळची गाडी घ्या आणि सुटण्यापूर्वी तासभर इंजिनाजवळ उभे राहा. आप्पांनी घरी आल्यावर तो काजळी लागलेला स्वेटर अजून धुवायला टाकू दिलेला नाही.