कम्युनिटी पोलिसिंग या सेवेचा रिव्ह्यू: बैठक चांगली आहे, पण मागच्या मुद्द्याचं काय झालं?

आधी रेटिंग सांगते. पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन आमच्या बीट अंमलदाराचे (म्हणजे आमच्या भागाला नेमलेल्या पोलिसाचे), अर्धा मासिक बैठकीचा, आणि दीड कापलाय तो ही सेवा नकोय म्हणून नाही, उलट ती नीट चालावी असं मनापासून वाटतं म्हणून कापलाय.

सेवा म्हणजे नक्की काय ते सांगणं गरजेचं आहे कारण बऱ्याच जणांचा समज असा असतो की पोलीस आणि नागरिक एका हॉलमध्ये बसले, चार भाषणं झाली, ग्रुप फोटो काढला की झालं कम्युनिटी पोलिसिंग. तसं नाहीये ते. मूळ कल्पना अशी की एका भागाला ठरावीक पोलीस दीर्घकाळ दिलेले असावेत, त्यांना तिथली माणसं आणि माणसांना ते नावानं माहीत असावेत, आणि एकच प्रकार एकाच ठिकाणी परत परत का घडतोय हे दोघांनी मिळून शोधावं आणि त्याचं मूळ काढावं. म्हणजे लोकांशी भागीदारी, समस्या सोडवणं आणि त्या दोन्हीसाठी खात्याची आतली कामाची पद्धत बदलणं. पहिली गोष्ट सगळ्यांना आवडते, दुसरीला मेहनत लागते, तिसरीला सहसा कोणी हात लावत नाही, आणि माझ्या मते सगळी गोची तिथेच आहे.

बैठकीबद्दल. वेळेवर सुरू होते, साहेब स्वतः येतात, बोलू देतात, हे सगळं चांगलं. पण पार्किंगवर अर्धा तास जातो, मग रात्रीच्या आवाजावर, मग परत पार्किंगवर, आणि जिची पर्स खेचून नेली ती मुलगी मागच्या रांगेत शेवटपर्यंत गप्प बसून निघून जाते. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचा प्रश्न हाच भागाचा प्रश्न ठरतो. अमेरिकेत शिकागोत १९९३ पासून पाच पोलीस डिस्ट्रिक्टमध्ये कम्युनिटी पोलिसिंगचा प्रयोग सुरू झाला आणि मग शहरभर पसरला, दर बीटला नियमित बैठका, तिथल्या अभ्यासातही हेच दिसलं की बैठकीला येणारे जास्त करून घरमालक, वयानं मोठे, आधीपासून ओळखीपाळखी असलेले. भाडेकरू, तरुण पोरं, भाषा नीट न येणारे लोक कमी. म्हणजे ज्यांचा पोलिसांशी रस्त्यावर सगळ्यात जास्त संबंध येतो तेच खोलीत नसतात. आमच्याकडेही डिट्टो तेच. शिकागोवाल्यांनी मात्र एक गोष्ट फार शहाणपणाची केली होती, बेवारस गाड्या, पडीक इमारती, बंद दिवे असल्या तक्रारींचा फॉर्म पोलिसांमार्फत थेट शहराच्या इतर खात्यांकडे जायचा आणि त्याला प्राधान्य मिळायचं. हे का महत्त्वाचं ते पुढे येतंच.

आता ते तीन स्टार कशाचे. आमच्याकडे बसस्टॉपवरून घरांकडे येणारी एक अरुंद गल्ली आहे, तिथे मोबाईल आणि पर्स खेचण्याचे प्रकार वाढले होते. बैठकीत सगळ्यांची एकच मागणी, गस्त वाढवा. कुठलाही अधिकारी "हो वाढवतो" म्हणून मोकळा झाला असता. आमच्या अंमलदारांनी तसं केलं नाही. त्यांनी वही काढली आणि एकेकाला विचारायला लागले, "काकू, नेमकं किती वाजता? तो पुढून आला का मागून? पळाला कुठल्या बाजूला?" लोक आधी वैतागले, तक्रार आधीच लिहून दिलीय आता परत काय. पण हातोहात चित्र तयार झालं. जवळपास सगळे प्रकार संध्याकाळी सातनंतरचे, सगळे गल्लीच्या एकाच टोकाला, आणि पळणारा दर वेळी मुख्य रस्त्याकडे न जाता आतल्या बाजूला गेलेला.

मग ते त्याच वेळेला गल्लीतून आमच्यापैकी काही जणांना घेऊन चालले. मीही होते. दिवा चालू होता, पण झाडाची फांदी अशी आडवी आली होती की उजेड वरच्या वर, खाली पायापाशी काळोख. त्याच्याखाली एक भंगार झालेली गाडी, टायर बसलेले, तिच्याआड माणूस उभा राहिला तर अगदी जवळ येईपर्यंत दिसणार नाही. आणि जरा पुढे कंपाउंडच्या भिंतीत भगदाड, त्यातून पलीकडच्या रस्त्यावर, जिथे बाईक लावून ठेवता येते. आम्ही वर्षानुवर्षं तिथून ये-जा करतो, पण या तीन गोष्टी एकत्र जोडून कोणी बघितल्याच नव्हत्या. फांदी छाटून घेतली, भगदाड बुजवलं, गाडीसाठी पत्र दिलं. आणि मला सगळ्यात जास्त काय पटलं तर पुढच्या बैठकीला त्यांनी स्वतःहून विषय काढला, त्या गल्लीत या महिन्यात किती तक्रारी आल्या ते सांगितलं, काय झालं आणि काय अजून राहिलंय तेही सांगितलं. कोणी विचारायच्या आधी. त्या दिवशी ती मागच्या रांगेतली मुलगी पहिल्यांदा बोलली.

हे काही त्यांच्या डोक्यातून नवीन निघालेलं नाही, या पद्धतीला मोठा इतिहास आहे. हर्मन गोल्डस्टीन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७९ मध्ये मांडलं की पोलीस प्रत्येक कॉल वेगळा धरून निपटत बसतात, त्याऐवजी सारख्या घटनांचा गठ्ठा करून त्यामागची समस्या बघा. मग १९८७ मध्ये अमेरिकेतल्याच न्यूपोर्ट न्यूज नावाच्या शहरातल्या कामावरून त्याच्या चार पायऱ्या प्रसिद्ध झाल्या, समस्या हेरा, तिची कारणं तपासा, उपाय करा आणि मग उपायाचा परिणाम झाला का ते मोजा. तिथे एका अपार्टमेंट वसाहतीत घरफोड्या फार होत्या, पोलिसांनी रहिवाशांना विचारल्यावर कळलं की इमारतींची अवस्थाच इतकी वाईट आहे की दारं-खिडक्या नीट बंदच होत नाहीत. मग डागडुजी, साफसफाई, इतर खात्यांना कामाला लावणं असं केलं आणि घरफोड्या ३५ टक्क्यांनी घटल्या. या पद्धतीवरच्या ३४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२० मध्ये आला, त्यातही गुन्हे आणि गैरप्रकार मिळून सरासरी जवळपास एक तृतीयांश घट दिसली. आणि "चोर शेजारच्या गल्लीत जाईल की" हा जो प्रश्न आमच्या बैठकीत आला, त्याचंही उत्तर संशोधनात बऱ्यापैकी स्पष्ट आहे, सहसा तसं होत नाही, उलट आजूबाजूलाही थोडा फायदा होतो.

गस्त वाढवा या मागणीबद्दलही एक सांगायचंय कारण ती दर बैठकीत येते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये प्रयोग केला होता, काही भागांत गाडीची नेहमीची गस्त बंद, काही भागांत दुप्पट-तिप्पट, काही भागांत आहे तशी. गुन्ह्यात काही फरक पडला नाही आणि लोकांना तर कळलंसुद्धा नाही की गस्त बदललीय. पायी गस्तीचं जरा वेगळं आहे, तिथल्याच नेवार्क शहराच्या १९८१ च्या अभ्यासात पायी गस्तीनं गुन्हे कमी झाले नाहीत पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. गाडी काच वर करून निघून जाते, चालणारा माणूस थांबतो, बोलतो. त्यामुळे आता आमच्या बैठकीत कोणी गस्त मागितली की मी आधी विचारते, कुठे, किती वाजता आणि कशासाठी.

विश्वासाचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, पोलीस कुठल्याही कारवाईशिवाय, कोणाला पकडायला किंवा चौकशीला नाही, नुसते घरी जाऊन थोडं बोलून आले. एवढ्या एका भेटीचा चांगला परिणाम तीन आठवड्यांनंतरही टिकलेला दिसला. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारात पोलीस येतो तो काहीतरी वाईट घेऊनच, त्यामुळे दाराबाहेर गणवेश दिसला की पोटात गोळा येतो. ती भीती असताना कोण माहिती देणार?

पण नुसतं गोड बोलायला शिकवून हे होत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या तपासणीत पोलिसांना आदरानं, कारण समजावून, समोरच्याचं ऐकून घेऊन बोलायला लावलं आणि लोकांचं मत सुधारलं. स्कॉटलंडमध्ये तोच प्रयोग केला तर विश्वास उलट कमी झाला. संशोधकांनी नंतर शोधलं तेव्हा दिसलं की तिथल्या पोलिसांवरच ते वरून लादलं गेलं होतं आणि त्यांना स्वतःच्या खात्यात आपल्याला न्यायानं वागवलं जातंय असं वाटत नव्हतं. मला हे फार खरं वाटतं. ज्या शिपायाला साहेब चारचौघांत झापतो, सुट्टी देत नाही, त्यानं बाहेर येऊन आमच्याशी शांतपणे बोलावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

मराठीत लिहितेय तर भिवंडीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७० आणि १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनी होरपळलेलं शहर, तिथे नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजाची साधी माणसं आणि पोलीस शांततेच्या काळातही नियमित एकत्र बसणारे. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. बैठका भांडण पेटल्यावर बोलावलेल्या नव्हत्या, आधीपासून चालू होत्या, हे मी आमच्याकडे कायम सांगते.

आता कापलेले स्टार. एक, आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. पोलिसांना माहिती लवकर मिळावी म्हणून सुरू केला आणि आता त्यात अनोळखी माणसांचे फोटो पडतात, "हा कोण, संशयास्पद वाटतो", आणि तो बिचारा पार्सल द्यायला आलेला असतो. एका मुलाचा फोटो असा फिरला की त्यानं त्या रस्त्यानं येणंच सोडलं. यावर अंमलदारांनी एकदा सांगून बघितलं पण ग्रुप ॲडमिन आमच्यातलेच, ते ऐकत नाहीत. शेजाऱ्यांवर नजर ठेवणं म्हणजे सुरक्षा हा समज जोवर मोडत नाही तोवर काही लोकांसाठी हा भाग जास्त असुरक्षितच होणार. माणसाचा नाही, वागण्याचा आणि जागेचा उल्लेख करायचा, फोटो टाकायचाच नाही, एवढा साधा नियम हवा आणि तो पोलिसांनी स्वतः लावायला हवा. दोन, बैठकीत तक्रारदाराचं नाव मोठ्यानं वाचलं जातं. घरातल्या मारहाणीची गोष्ट कोणी बाई अशा खोलीत कशी सांगेल? त्यासाठी बाजूला बसून बोलायची सोय पाहिजे.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बदली. ते अंमलदार गेले. ज्यांना गल्ली पाठ होती, ज्यांना पोरं हाक मारायची, त्यांची बदली झाली आणि त्यांच्यासोबत ती सगळी माहिती गेली. हे आमच्यापुरतं नाहीये. २०२१ मध्ये ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा अशा सहा देशांतल्या मोठ्या प्रयोगाचे निकाल आले, कम्युनिटी पोलिसिंगमुळे ना विश्वास वाढला ना गुन्हे कमी झाले. कारणं काय सापडली तर वरिष्ठांचा टिकाऊ पाठिंबा नाही, अधिकाऱ्यांच्या सतत बदल्या, आणि लोकांनी मांडलेल्या प्रश्नांवर काही करायला साधनंच नाहीत. काही लोक हा अभ्यास दाखवून म्हणतात की ही कल्पनाच फोल आहे. मला तो निकाल वाचून उलट राग आला, कारण बैठक घ्यायची, लोकांकडून सगळं ऐकून घ्यायचं आणि मग करायला ना माणूस ना अधिकार, तर लोकांचा विश्वास वाढेल तरी कसा?

बदलीनंतर आम्ही एक गोष्ट केली, ती सांगते कारण कोणालाही करता येईल. मुद्द्यांची एक वही ठेवलीय, जी पोलिसांकडे नाही, रहिवाशांकडे राहते. प्रत्येक मुद्द्यापुढे तारीख, जबाबदारी कोणाची, पुढच्या वेळी काय सांगितलं गेलं, आणि प्रश्न खरंच संपला का ते दोन महिन्यांनी परत बघायचं. बैठक याच वहीनं सुरू होते, नवीन तक्रारी नंतर. नवीन अंमलदार आल्यावर पहिल्या दिवशी त्यांच्या हातात तीच दिली, त्यांनी सगळी पानं वाचून काढली आणि भिंतीच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "हे अजून बुजवलेलंच आहे ना, का परत कोणी फोडलं?" बघायला गेलो तर खरंच दोन विटा निघाल्या होत्या, लगेच बसवून घेतल्या. भंगार गाडी मात्र अजून तिथेच आहे, कारण ती हलवायचा अधिकार पोलिसांचा नाही म्हणतात आणि ज्यांचा आहे ते बैठकीला येत नाहीत. त्या खात्याचा एक माणूस दर बैठकीला हजर पाहिजे असा अर्ज आम्ही दिलाय, आणि त्याच अर्जात दुसरी मागणी अशी की बैठक संध्याकाळऐवजी रविवारी सकाळी घ्या म्हणजे कामावरून उशिरा परतणारे भाडेकरू आणि ती तरुण पोरं येऊ शकतील. पहिल्या मागणीला तोंडी होकार आलाय, दुसरीचं उत्तर अजून यायचंय.