पेनड्राइव्ह २ टीबीचा, आत जागा २९ जीबी, आणि गेलं एका घरचं लग्न

बार्शीजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो. गेल्या सीझनला एका मुलीच्या लग्नाचं मी केलेलं शूटिंग कायमचं गेलं. ते का गेलं हे मला समजायला आठ दिवस लागले. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली होती आणि लागोपाठ तारखा होत्या. ऑनलाइन २ टीबीचा पेनड्राइव्ह ६९९ रुपयांना दिसला. धातूची बॉडी, चार स्टारच्या वर रेटिंग. दोन मागवले. लावल्यावर विंडोजने १.८१ टीबी दाखवले. कंपन्या हजाराच्या हिशोबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून ६४ जीबीचा ड्राइव्ह ५९ च्या आसपास दिसतो आणि १२८ चा ११९, हे मला माहीत होतं. २ टीबीला १.८१ हाच आकडा यायला हवा. तो बरोबर आला, म्हणून माझा विश्वास बसला. बनवणाऱ्यालाही हा हिशोब येत असणार, हे तेव्हा मनात आलं नाही.

लग्न झालं त्या रात्री साखरपुडा, हळद आणि लग्न असे तीन फोल्डर, मिळून १४० जीबी, कॉपीला लावले. पहाटे कॉपी पूर्ण झाली, एकही एरर नाही. फोल्डरचा आकार जुळवला, जुळला. साखरपुड्याच्या तीन क्लिप चालवून पाहिल्या, चालल्या. सकाळी दुसऱ्या गावात लग्न होतं, म्हणून मेमरी कार्डं फॉरमॅट करून कॅमेऱ्यात घातली.

आठवड्याने एडिटिंगला बसलो. साखरपुडा पूर्ण होता. हळदीच्या क्लिप अर्ध्यापर्यंत उघडल्या, पुढच्या नाहीत. लग्नाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलचं नाव होतं, तारीख होती, आकार होता, आणि एकही फाइल उघडत नव्हती. मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी, काहीच नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुकानदार म्हणाला, व्हायरस आहे. अँटिव्हायरस फिरवला, काही सापडलं नाही. दुसऱ्याने सांगितलं, सहा हजार द्या, डेटा काढून देतो. मी देणारच होतो. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या भाच्याला फोन केला म्हणून थांबलो. तो म्हणाला, "मामा, एक रुपया देऊ नका. जे लिहिलंच गेलं नाही ते कोण काढून देणार?"

त्याने समजावलं ते असं. पेनड्राइव्हमध्ये साठवणारी चिप वेगळी आणि कॉम्प्युटरशी बोलणारा कंट्रोलर वेगळा. किती जागा आहे हे कंट्रोलर सांगतो, आणि विंडोज ते खरं मानतं. खोट्या ड्राइव्हमध्ये कंट्रोलरच्या प्रोग्राममध्येच मोठा आकडा भरलेला असतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा काही ड्राइव्ह सरळ टाकून देतात, तर काही पुन्हा सुरुवातीपासून लिहीत जुन्या फाइलींवर चढवतात. दोन्ही प्रकारांत कॉम्प्युटरला उत्तर जातं, "लिहिलं." फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून नावं आणि आकार शाबूत दिसतात. फॉरमॅट करूनही फरक पडत नाही, आकडा परत तोच येतो. मी करून पाहिलं.

खात्री करायला त्याने एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम पाठवला. तो रिकाम्या जागेत स्वतःच्या फाइली लिहितो आणि मग त्या परत वाचून जुळवतो. पूर्ण २ टीबी तपासायला आमच्या ड्राइव्हच्या वेगाने तीन दिवस लागले असते, म्हणून ४० जीबीच तपासले. २९ जीबीच्या आसपासपर्यंत सगळं ठीक, पुढचं सगळं गेलेलं. दुसऱ्या पेनड्राइव्हचाही हाच निकाल. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एफथ्री हा प्रोग्राम हेच काम करतो. व्हॅलिड्राइव्ह नावाचा प्रोग्राम ड्राइव्हवर ५७६ ठिकाणी चाचपून थोड्या वेळात अंदाज देतो. पण मोलाचा डेटा ठेवायचा असेल तर कितीही वेळ लागला तरी पूर्ण तपासणीच करा.

माझी चूक कुठे झाली ते सांगतो, कारण माझ्या ओळखीचे सगळे फोटोवाले तशीच तपासणी करतात. मी पहिल्या फाइली पाहिल्या. पुढचा डेटा टाकून देणाऱ्या अशा ड्राइव्हमध्ये पहिल्या फाइली चांगल्याच असतात. शेवटची फाइल उघडून पाहायला हवी होती, तीही ड्राइव्ह काढून परत लावल्यावर, कारण नुकतीच कॉपी केलेली फाइल कॉम्प्युटर कधी कधी स्वतःच्या मेमरीतूनच दाखवतो. विक्रीच्या पानावरचे पाच स्टारवाले अभिप्राय मी नंतर एकेक वाचले. "आजच मिळाला, मस्त आहे." सगळे पहिल्या दिवशीचे.

एक गोष्ट मात्र वेगळी. चांगल्या कंपनीचा जुना ड्राइव्ह अचानक कमी जागा दाखवत असेल, तर ती फसवणूकच असेल असं नाही. विंडोज टाकण्यासाठी बूटेबल केलेल्या ड्राइव्हवर बरेचदा लहान पार्टिशन, म्हणजे वापरायला पाडलेला भाग, एवढंच उरतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये न वापरलेली जागा दिसते, पार्टिशन काढून नवं केलं की ती परत येते. आधी डेटा दुसरीकडे घ्या आणि डिस्क निवडताना आकडा दोनदा पाहा, नाहीतर दुसरीच डिस्क पुसली जाईल.

मुलीच्या वडिलांना सांगायला त्यांच्या घरी गेलो. फोनवर सांगणं मला बरं वाटलं नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "दादा, पाठवणीचं तरी काही आहे का?" नव्हतं. आगाऊ घेतलेले पैसे परत दिले, ते त्यांनी नको नको म्हणत घेतले.

तीनपैकी एक कार्ड पुढच्या लग्नात अर्धंच भरलं होतं. कॅमेऱ्यातला फॉरमॅट सहसा फक्त यादी पुसतो, म्हणून फोटोरेक या प्रोग्रामने त्यातून चारशेच्या वर फोटो निघाले. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत, न चालणारे. मग पाहुण्यांना फोन करून मोबाइलवरचं शूटिंग मागितलं, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगून, नाहीतर दर्जा घसरतो. मंगलाष्टकं मिळाली. सप्तपदीची मुलीच्या मावशीच्या फोनमधली चाळीस सेकंदं मिळाली. त्या घरच्या व्हिडिओत सप्तपदी तेवढीच आहे.

सात दिवसांची परतीची मुदत संपली होती, तरी तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं असतं. तपासणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट, बिल आणि विक्रीच्या पानाचा फोटो जोडा. पान नंतर गायब होतं, माझ्या बाबतीत झालं. माझे १३९८ रुपये परत आले.

तोच पेनड्राइव्ह, तोच फोटो, आज दुसऱ्या दुकानाच्या नावाने ७४९ रुपयांना दिसतो आहे. त्याच्याखाली मी तपासणीचा निकाल टाकला आहे, आणि दर आठवड्याला तो अजून दिसतो का ते पाहतो.