‘सहा महिने टिकणारी’ काळी मेंदी आणि विहिरीच्या माथी मारलेला दोष

गणपतीला आठ-दहा दिवस उरले की कोकणात दोन रंगकामं निघतात, एक भिंतींचं आणि एक केसांचं. चाकरमानी यायचे असतात, आरतीला वाडी जमायची असते, फोटो निघायचे असतात. नेमके याच दिवसांत दुचाकीला बॅगा अडकवून ‘केसांची औषधं’ विकणारे वाडीवाडीत फिरतात. मालवण किनाऱ्यावरच्या एका गावात एका वहिनींच्या बाबतीत जे झालं ते इथे देतोय, कारण हा खेळ दोन फेऱ्यांचा आहे आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा महाग पडते.

पहिली फेरी अशी. “ताई, शुद्ध मेंदी आणि जडीबुटीचा अर्क. अमोनिया नाही, काही मिसळायचं नाही. वीस मिनिटं लावा, सहा महिने बघायला नको.” बाटली साडेचारशेला. लांब केस म्हणून तीन घेतल्या, साडेतेराशे रोख, बिल नाही. केस झाले कोळशासारखे काळे. गौरी गेल्या तेव्हा उशीच्या अभ्र्यावर जांभळट डाग होते आणि न्हाताना मोरीतून काळसर पाणी वाहत होतं. अनंत चतुर्दशीला शेजारीण म्हणाली, “अगो, केस तांबडे कित्याक झाले तुझे?”

दुसरी फेरी. फोन केल्यावर विक्रेता तक्रार नाकारत नाही, उलट तत्परतेने घरी येतो. विहिरीचं पाणी पेल्यात घेतो, त्यात वायर जोडलेल्या दोन सळ्या बुडवतो आणि बटण दाबतो. दोन मिनिटांत पाणी गढूळ, तपकिरी, वर फेस. “बघा, तुमच्या पाण्यात केवढं लोखंड! रंग चांगलाच आहे, पाणी खातंय त्याला.” मग बॅगेतून ‘कलर लॉक’ सीरम निघतं, साडेसातशेला एक. दोन घेतली. एकूण अठ्ठावीसशे पन्नास रुपये गेले. त्यानंतर फोन लागला नाही.

आता एकेक गोष्ट सोडवून बघू.

‘सहा महिने’ हा शब्द ऐकला की तिथेच थांबायला हवं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. रंग कितीही पक्का असला तरी तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ दिसणारच. ती रेघ येऊ न देणारा रंग जगात नाही.

दुसरी खूण होती ‘काही मिसळायचं नाही’. पक्का रंग लागताना केसात काय घडतं ते कळलं की ही खूण कायमची लक्षात राहते. केसाच्या बाहेरच्या थरावर माशाच्या खवल्यांसारखे पदर असतात, आत गाभा. पक्क्या रंगाच्या ट्यूबमध्ये तयार रंग नसतोच. पीपीडीसारखे (पॅरा-फेनिलीनडायअमाइन, गडद रंगांतलं नेहमीचं रसायन) बारीक, जवळजवळ रंगहीन रेणू असतात. अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेलं इथेनॉलअमाइन खवले फुगवून उघडतं, रेणू गाभ्यात शिरतात, आणि बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना तिथेच एकमेकांत जोडून मोठे रंगीत रेणू बनवतं. आत शिरताना लहान असलेला रेणू आता मोठा झाल्यामुळे सहज बाहेर पडत नाही. रंग पक्का होतो तो यामुळे. म्हणूनच पक्का रंग नेहमी दोन भागांत येतो आणि लावायच्या वेळीच कालवावा लागतो. (कोरड्या पुड्यांत दोन्ही गोष्टी एकत्र चालतात, कारण पाणी पडेपर्यंत क्रिया सुरू होत नाही.) एकाच बाटलीतला, ओला, तयार काळा द्रव म्हणजे मोठे तयार रंगरेणू. ते खवल्यांच्या आसपास अडकून बसतात आणि सहा ते बारा धुण्यांत निघून जातात. टॉवेलला रंग, उशीला रंग, प्रत्येक न्हाण्याला रंगीत पाणी, ही सगळी या कच्च्या रंगाची लक्षणं. कच्चा रंग विकणं हा गुन्हा नव्हे, पण तो सहा महिन्यांचा म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

तिसरी गोष्ट ‘शुद्ध मेंदी’. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन, आणि ते केसांना नारिंगी ते तांबूसच करतं. मेंदी एकटी काळी होत नाही, आजीच्या काळातही होत नव्हती. पानांपासून काळा रंग हवा असेल तर मेंदीवर नीळ (कपड्यांची नव्हे, नीळ या झाडाच्या पानांची) चढवावी लागते. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण शंभर ग्रॅम मेंदी दोन-तीन तास ठेवायची, शाम्पूशिवाय नुसत्या पाण्याने धुवायची. मग तेवढीच नीळपानांची पूड कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवायची, दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची आणि तास-दीड तास ठेवायची. निळीत लिंबू किंवा दही घालू नये, आंबटाने ती नीट चढत नाही. रंग दोन दिवसांत गडद होतो, तोवर शाम्पू नको. अर्धा दिवस जातो यात. वीस मिनिटांत कोळसा होणारी पुडीतली ‘काळी मेंदी’ बहुतेक वेळा पीपीडी असते, वर पानाचं चित्र. पुडी असेल तर चमचाभर पांढऱ्या कपात पाण्यात कालवून ठेवा. खरी मेंदी हिरवट राहते, कडेने नारिंगी होते आणि सुक्या गवतासारखा वास येतो. पंधरा-वीस मिनिटांत सगळा लगदा काळाठिक्कर पडला तर आत काय आहे ते समजा. पीपीडीची ॲलर्जी असणाऱ्याचे डोळे आणि चेहरा सुजतो, म्हणून कुठलाही रंग डोक्यावर घेण्याआधी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबायचं. मेंदी म्हटल्यावर ही चाचणी कोणी करत नाही. खोट्या नावाचा खरा धोका तिथे आहे.

आता तो पेला. ही जादू मूळची पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्यांची. सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज सुरू झाली की त्या सळीचंच लोखंड विरघळतं आणि गंजाच्या रंगाचा गाळ होतो. पाण्यातले क्षार फक्त वीज वाहून नेतात. नळाच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग केला तर तेही असंच तपकिरी होईल. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, म्हणून ‘आमच्या यंत्राचं पाणी’ स्वच्छ राहतं. विहिरीतलं लोखंड यात दिसतच नाही.

पण हा डाव चालतो तो अर्ध्या सत्यावर. आपली जमीन जांभ्याची, जांभ्याचा तांबडा रंगच लोहाचा, आणि काही ठिकाणी, विशेषतः बोअरवेलच्या पाण्यात, लोह खरंच असतं. ते ओळखायला वायर लागत नाही. पांढऱ्या बादलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ किंवा कडेला पिवळट वळ दिसला तर लोह आहे. असं पाणी रंगवलेल्या केसांवर मंद तांबूस झाक चढवतं, पण ते काम महिन्यांचं. दोन आठवड्यांत कोळशाचा तांबा करणं त्याला जमत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात आणि रंग निस्तेज दिसतो. अशा वेळी सगळं न्हाणं गोड्या पाण्याने शक्य नसेल तर शेवटचे दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे घ्यावेत. पावसाळ्यात पागोळीचं पाणी उत्तम, क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या पावसाचं, कौलं धुणारं पाणी तेवढं सोडून द्यायचं.

रंग खरा उतरतो तो पाण्याने, उन्हाने आणि साबणाने. केस भिजला की फुगतो, खवले उचलले जातात आणि प्रत्येक न्हाण्याला थोडा रंग निसटतो. पाणी जितकं कढत तितकं जास्त. बंबाचं वाफाळतं पाणी अंगाला छान, रंगवलेल्या डोक्याला नको. हाताला जेमतेम कोमट लागेल एवढंच घ्यावं. अंगाचा साबण डोक्याला लावायची सवय अजून पुष्कळ घरांत आहे. त्याचा सामू (पीएच) ९ ते १०, केसाला मानवतो साडेचार-साडेपाच. त्या अल्कलीने खवले उघडतात, म्हणजे रंग आत घालताना अमोनियाने जे केलं तेच, फक्त आता रंग बाहेर यायला. सौम्य शाम्पू, आठवड्यातून दोनदा, रंगवल्यावर पहिले दोन-तीन दिवस तोही नाही. शेवटी लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ओतलं तर खवले बसतात आणि चकाकी येते. कोकणात कोणी तरी हमखास कोकमाचं आगळ सुचवतं. त्याला स्वतःचा रंग असतो, वर मीठ असतं, ते सोलकढीलाच राहू द्या.

खोबरेल मात्र इथे खरंच कामाचं. ते केसाच्या आत शिरतं, त्यामुळे केस पाणी कमी पितो आणि कमी फुगतो. रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली. केसातली प्रथिनं धुऊन जाणं कमी करण्यात खोबरेलच उपयोगी ठरलं. न्हाण्याच्या आदल्या रात्री एक-दोन चहाचे चमचे, टोकांना जास्त. रंग लावायच्या दिवशी मात्र डोक्यावर तेल नको, रंग नीट धरत नाही, मेंदी तर नाहीच.

ऊन रंगाचे रेणूच तोडतं. मासळी सुकत घालताना, काजू-आंब्याच्या हंगामात बागेत, डोक्यावर घट्ट विणीचं सुती फडकं हवं. समुद्रात उतरायचं असेल तर आधी डोकं गोड्या पाण्याने भिजवून खोबरेलाचा हात फिरवा. भिजलेला केस खारं पाणी कमी शोषतो. बाहेर आल्यावर खारं पाणी डोक्यावर वाळू देऊ नका.

साडेसातशेच्या ‘लॉक’ सीरमचं काय? अशा सीरमच्या घटकांत सुरुवातीलाच डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन असली नावं असतात. ती सिलिकोनं. केसावर गुळगुळीत थर देतात, गुंता कमी होतो, चमक येते. रंगाला कुलूप लावत नाहीत, आणि कच्चा रंग तर कशानेच अडकत नाही. तसलंच सीरम दुकानात याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतं.

दारावरच्यालाच बोल लावायला नको, लग्नसराईत काही पार्लरांतही हात मारला जातो. पैसे पक्क्या रंगाचे आणि डोक्यावर कच्चा, हा एक प्रकार. दुसरा अधिक वाईट: गर्दी म्हणून सकाळीच वाडगाभर रंग कालवून ठेवणं. कालवल्याबरोबर जोडणी सुरू होते. वाडग्यात काळा झालेला रंग केसात शिरायला आता फार मोठा असतो, तो वर बसतो आणि धुतला जातो. सीलबंद ट्यूब समोर फोडायला सांगा. डेव्हलपरच्या, म्हणजे रंगात कालवायच्या पेरॉक्साइडच्या, बाटलीवरचा आकडा बघा. पांढरे केस झाकायला २० व्हॉल्यूम, म्हणजे ६% पेरॉक्साइड लागतं. १० व्हॉल्यूमवर पांढरे केस नीट धरत नाहीत. उन्हात किंवा उघडी राहिलेली बाटली आकडा तोच ठेवून दम गमावते. पूर्ण लावून झाल्यावर ३० ते ३५ मिनिटं, हट्टी पांढऱ्या केसांना ४५ पर्यंत. पंधराव्या मिनिटाला बेसिनकडे नेलं तर उठू नका. आणि दर वेळी मुळापासून टोकापर्यंत नवा रंग चोपडू देऊ नका. दर चार-सहा आठवड्यांनी मुळांनाच, टोकांना शेवटची पाच-दहा मिनिटं. पुन्हा पुन्हा रंगवलेली टोकं सच्छिद्र होतात आणि रंग सर्वात आधी तिथूनच पळतो.

फसल्यावर लोक एक चूक घाईने करतात: लाल झालेल्या केसांवर लगेच दुसरा पक्का रंग. अनोळखी बाटलीत धातूचे क्षार असतील, तर त्यावर पेरॉक्साइड पडताच केस तापून तुटू शकतात. आधी गळलेल्या केसांची बट तपासा. काचेच्या भांड्यात ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड, त्यात २८% अमोनियाचे २० थेंब, बट अर्धा तास बुडवून ठेवायची. हे काम पार्लरमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून करून घ्या. बट किंचित उजळली तर ठीक. भांडं गरम झालं, बुडबुडे आले, बट तुटली किंवा काहीच बदल झाला नाही, तर धातू आहे असं समजून तो भाग कापून जाईपर्यंत पक्का रंग नको.

घेताना बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत बघा. यातलं एक जरी नसलं तरी परत द्या. पीपीडी असलेल्या रंगावर त्वचेच्या चाचणीची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणं बंधनकारक आहे. ‘हर्बल’ लिहून ही सूचनाही छापलेली असेल तर खरं काय ते त्या बारीक अक्षरांत आहे. पैसे रोख न देता यूपीआयने दिले तर निदान नोंद राहते.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोग अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला आहेत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. त्या वहिनींनी तिन्ही रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. तुमच्याकडे असल्या तर तळाशी उरलेल्या थेंबांसकट, बूच घट्ट लावून ठेवा. तपासणीला पाठवायला तेवढाच नमुना असतो.