गंगापूर रोडचा मोठ्यांसाठीचा डिजिटल क्लास: आमच्या बचत गटाचा अनुभव

नाशिकमध्ये गंगापूर रोडला मोठ्या माणसांसाठी एक छोटा क्लास चालतो, व्हॉट्सअॅप, गुगल शीट (सगळ्यांना मिळून भरता येणारा ऑनलाइन तक्ता), गुगल मीट (व्हिडिओ कॉल) हे सगळं चार जणांनी मिळून काम करताना कसं वापरायचं ते शिकवतात. आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघीजणी ६ आठवडे गेलो, दर शनिवार-रविवार २ तास, फी प्रत्येकी १,८०० रुपये. लोक म्हणतात यासाठी क्लास कशाला, घरी मुलं शिकवतील की. नाही शिकवत हो, मुलं फोन हातातून घेतात, दोन मिनिटं टकटक करतात, "झालं आई" म्हणून परत देतात आणि आपल्याला काय झालं ते कळतच नाही. इथल्या मॅडम कोणाच्याच फोनला हात लावत नाहीत, बाजूला उभं राहून सांगतात, बोट आपलंच. याच रस्त्याने पुढे गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून नोकरी-संसार सांभाळून माणसं शिकतायत, त्यामुळे या वयात शिकायची लाज नाशकात तरी कोणी बाळगू नये असं मला मनापासून वाटतं.

आमची अडचण अशी होती की नागलीचे पापड, चकलीची भाजणी, उपवासाचा चिवडा यांच्या ऑर्डरी तिघींच्या फोनवर यायच्या, एक वहीत लिहायची, एक फोनमध्ये आणि एक नुसतीच लक्षात ठेवायची. गेल्या दिवाळीत सिडकोतल्या एका घरी माल दोनदा गेला आणि पंचवटीतल्या ताईंकडे गेलाच नाही, त्यावरून गटात आठ दिवस अबोला.

पहिल्या दिवशी मॅडमनी फोन बाजूला ठेवायला लावले आणि फळ्यावर एक मेसेज लिहिला, "ताई ते झालं का बघा". विचारलं, हा वाचून कोणी काय करायचं? कुठल्या ताई, काय झालं का, कोणालाच सांगता येईना आणि आमच्या ग्रुपवर तर रोज असेच मेसेज! मग प्रत्येकीने तो नव्याने लिहिला, नाव, वस्तू, किती किलो, कधीपर्यंत. ग्रुपवर एकीलाच सांगायचं असेल तर @ लावून तिचं नाव टाकायचं, चुकीचं गेलं तर १५ मिनिटांच्या आत एडिट करता येतं, हेही तिथेच कळलं.

शीटला तीन आठवडे दिले ते बरं केलं. लिंक एकच, पण कोणाला नुसतं बघता येईल, कोणाला कमेंट करता येईल आणि कोणाला बदल करता येतील हे आपण ठरवायचं. आमच्यातल्या एकीकडून सगळ्या ऑर्डरींचा कॉलम उडाला, बिचारीचे हात थरथरायला लागले. मॅडमनी तिलाच लॅपटॉपवर बसवून व्हर्जन हिस्टरी उघडायला लावली, कधी कोणी काय बदललं ते रंगासकट दिसलं, तिने आधीची शीट स्वतः परत आणली. त्यानंतर तिची भीती गेली ती गेलीच, आता शीट तीच सांभाळते.

पण शीट बनवून भागत नाही, ती भरायची कोणी? यावर आम्ही क्लासमध्येच तासभर भांडलो आणि मॅडमनी भांडू दिलं. शेवटी ठरलं, जिने ऑर्डर घेतली तिनेच लिहायची, गिऱ्हाइकाचा फोन झाला की लगेच, बाकीचं काम नंतर. माझ्या मते फीचे पैसे तिथेच वसूल झाले.

मीट पटकन उरकलं, तिघं किंवा जास्त असले तरी फुकटात ६० मिनिटं मिळतात, आम्हाला तेवढी पुरतात. फसवणुकीवर अर्धा तास होता, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही आणि फसलोच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

आता खटकलं ते. बॅचमध्ये २२ जण म्हणजे फार झाले, मागच्यांकडे मॅडम पोचेपर्यंत पुढचं सुरू. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी आधी विचार करा. वायफाय दोनदा गेलं. मराठीत बोलून टाइप करायचं एकाच दिवशी घाईत झालं, खरं तर माझ्या जाऊबाईंना सगळ्यात उपयोगी तेच पडलं. आणि शिकवणं सगळं मराठीत असताना छापील नोट्स इंग्रजीत का, याचं मला खरंच वाईट वाटलं, अर्ध्या बायकांनी त्या घरी उघडल्याच नसतील. मॅडमना तसं सांगितलंय. तोवर आम्ही चौघींनी त्या मराठीत लिहून काढल्यात, ११ पानं झाली, पुढच्या बॅचला जाणाऱ्या कोणाला हव्या असतील तर सांगा, फोटो पाठवते.