गुरू, थेरपिस्ट, कोच की साधनेतला सोबती?

बाहेरून सगळं ठीक चाललेलं असतं, आत मात्र काहीतरी अडलेलं असतं आणि त्याबद्दल कोणाशी तरी नीट बोलायला हवं असं वाटू लागतं. अशा वेळी गुरू करावा, थेरपिस्टकडे जावं, कोच लावावा की एखाद्या गटात जाऊन बसावं? हे चारही पर्याय आपल्या ओळखीचे आहेत. पाचवा, म्हणजे आध्यात्मिक सोबती, साधनेच्या वाटेवर आपलं ऐकून घेत बरोबर चालणारा माणूस, तितकासा ओळखीचा नाही. म्हणून हा आढावा सोबत्याला मध्ये ठेवून घेतलाय.

सोबत्याची कल्पना मात्र जुनीच. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांकडे लोक मन मोकळं करायला जात. त्यांना अब्बा आणि अम्मा म्हणत. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो, कल्याणमित्र, म्हणजे साधनेतला चांगला सोबती, लाभला की अर्धी साधना झाली. त्यावर बुद्ध त्याला थांबवून सांगतात की अर्धी नव्हे, पूर्णच. ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी आखलेल्या तीस दिवसांच्या साधनेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. तिच्यात सोबत करणाऱ्यासाठी एक सूचना आहे: तराजूच्या काट्यासारखं मध्यावर राहा, या किंवा त्या बाजूला झुकू नका, देवाला आणि साधकाला आपसात बोलू द्या. ज्याला घर-काम सोडून तीस दिवस काढता येत नाहीत त्याने हीच साधना रोजच्या धबडग्यात कशी करावी, याचीही सोय त्यात आहे. आजचे बरेचसे सोबती, मग ते कुठल्याही धर्माचे असोत किंवा कुठल्याच नसोत, थोड्याफार फरकाने याच धर्तीवर काम करतात. साधारण महिन्यातून एक भेट, तासाभराची. सुरुवातीला थोडा वेळ शांत बसायचं, मग बोलायचं ते तुम्ही.

फरक कळायला एकच वाक्य चौघांसमोर ठेवून पाहू. एक बाई म्हणतात, "आई गेल्यापासून ध्यानाला बसवत नाही. बसलं की सगळं कोरडं वाटतं."

गुरू बहुधा म्हणतील, "मन लागो न लागो, बसणं सोडू नकोस." थेरपिस्ट झोपेची, भुकेची चौकशी करेल, आईशी नातं कसं होतं ते विचारेल. कोच विचारेल, "रोज किती वेळ बसायचं ठरवलं होतंत? आपण पाच मिनिटांपासून सुरू करू या का?" सोबती आधी काहीच बोलणार नाही. मग म्हणेल, "कोरडं म्हणजे कसं?" बाई शब्द शोधतात. रिकामं, नाही, रिकामं नाही, कोणी पाठ फिरवून बसल्यासारखं. "कोण पाठ फिरवून बसलंय?" आता बराच वेळ शांतता. "मीच बहुतेक. राग आलाय हो मला देवाचा." इथे समजूत घालायचा मोह कोणालाही होईल. चांगला सोबती तो आवरतो आणि एवढंच विचारतो, "हे त्याला सांगितलंत?"

चौघांपैकी चुकीचं कोणीच नाही. त्या बाई तीन महिने झोपल्या नसतील तर थेरपिस्टचाच प्रश्न सगळ्यात मोलाचा. पण राग देवावर आहे आणि तो प्रार्थनेतही दाबून ठेवलाय, हे बाकी तिघांकडे बाहेर यायला वेळ लागला असता, कदाचित आलंही नसतं.

गुरू आणि सोबती यांच्यातला खरा फरक शेवटचा शब्द कोणाचा, इथे आहे. गुरू मार्ग देतो आणि त्या मार्गापुरता त्याचा शब्द प्रमाण. सोबती मार्ग देत नाही. तुमच्या वाटेवर तुमच्याबरोबर चालतो. म्हणून ज्याच्याकडे अजून कुठलीच वाट नाही, त्याला सोबती चक्क वैताग आणू शकतो. तुम्ही विचारता "मी करू काय?" आणि तो विचारतो "तुम्हाला काय वाटतं?" अशा वेळी आधी एखाद्या जाणत्याकडून रीतसर पद्धत शिकून घ्यावी, हे माझं स्पष्ट मत. गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरच नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. सोबती असं थापटणं हातात घेत नाही. बरीच वर्षं साधना करून ज्यांना आपण पोचलो असं वाटू लागलंय, त्यांना सोबत्याच्या मऊ प्रश्नांपेक्षा कोणीतरी तोंडावर सांगणारं जास्त उपयोगी पडतं.

दुसऱ्या बाजूला, शेवटचा शब्द दुसऱ्याच्या हाती दिला की धोकाही त्याच दाराने येतो. घरच्यांपासून तोडणं, इथलं बाहेर बोलू नका म्हणणं, पैशाची वाढती मागणी, साधनेच्या नावाखाली अंगाला हात लावणं, दुसऱ्या कोणाचा सल्ला घेतला की रुसणं: यातलं एकही दिसलं तर समोरचा कितीही मोठा असो, उठून यावं. हे सोबत्यालाही लागू आहे. 'मी गुरू नाही' असं म्हणत गुरूपेक्षा जास्त हुकमत गाजवणारे सोबतीही असतात.

थेरपिस्टशी तुलना जास्त नाजूक आहे, कारण दोघांकडेही माणूस रडतो आणि दोघेही ऐकतात. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी साधनेतल्या कोरड्या काळाबद्दल बारकाईने लिहिलंय. त्यांची एक खूण आजही कामाची आहे: या काळात गोडी जाते, पण ओढ जात नाही, आपण देवापासून दूर चाललोय की काय ही तळमळ उलट वाढते. नैराश्यात बहुतेकदा तळमळही विझते, झोप-जेवण बिघडतं, आपण कोणाच्याच कामाचे नाही असं वाटतं. पण दोन्ही एकाच वेळी असू शकतं आणि बाहेरून ओळखणं अवघड असतं. म्हणून नियम साधा ठेवावा: झोप, भूक किंवा कामकाज काही आठवडे कोलमडलं असेल तर आधी डॉक्टर किंवा थेरपिस्ट. जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी. मग सोबती, किंवा दोन्ही एकत्र. नैराश्यावरच्या गोळ्या बंद करा, साधना वाढवा, असं सुचवणाऱ्या सोबत्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

थेरपिस्टला बऱ्याच देशांत परवाना लागतो, तक्रार कुठे करायची ते ठरलेलं असतं. सोबत्याला असा सरकारी परवाना सहसा नसतो. प्रशिक्षण असतं, पण कोणीही उद्या पाटी लावू शकतो. म्हणून पहिल्या भेटीत एक प्रश्न विचाराच: "तुम्ही स्वतः कोणाकडे जाता?" गंभीरपणे काम करणाऱ्या सोबत्याचा स्वतःचा सोबती असतो, शिवाय आपल्या कामाबद्दल नाव न घेता एखाद्या अनुभवी व्यक्तीशी बोलण्याची सोय त्याने केलेली असते. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका.

कोचबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ध्येय ठरलंय, सवय लावायची आहे, तारीख हवी आहे, तर कोच उत्तम. 'मी हे कशासाठी करतोय' हाच प्रश्न असेल तर ध्येयाच्या तक्त्यात तो बसत नाही.

गटाला मात्र लोक कमी लेखतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या क्वेकर पंथात एक सुंदर रीत आहे: ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्याभोवती मोजकी माणसं बसतात आणि फक्त प्रश्न विचारतात, सल्ला द्यायची परवानगीच नसते. हे सहसा फुकट असतं, आणि आपल्यासारखे आणखी आहेत हे कळल्यानेच अर्धं ओझं उतरतं. तोटा एवढाच, की एखादा बोलघेवडा सगळी बैठक खाऊन टाकतो, आणि लाज वाटणाऱ्या गोष्टी चारचौघांत निघत नाहीत.

हल्ली काही जण हे सगळं चॅटबॉटशी बोलतात. रात्री दोन वाजता विचार लिहून काढायला ठीक आहे. पण तो गप्प बसू शकत नाही, आणि वरच्या संवादातलं अर्धं काम शांततेनेच केलं होतं.

सोबतीच हवा असं ठरलं, तर तो आपल्याच परंपरेतला असावा का? सुरुवात करणाऱ्याला आपल्यातला बरा, शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पण जो आपल्या परंपरेवरच रागावलाय किंवा तिच्याबद्दल शंका घेऊ लागलाय, त्याला बाहेरचा माणूस जास्त मोकळं करतो, कारण त्याला बचाव करायला काही नसतं. जवळचा मित्र मात्र शक्यतो नको. त्याला तुमच्या निर्णयांची झळ बसते, त्यामुळे त्याचं ऐकणं तटस्थ राहत नाही.

मानधन काहीजण घेतात, काही घेत नाहीत, काही ऐपतीप्रमाणे द्या म्हणतात. तिन्ही पद्धती चालतील, फक्त पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्यावं. गोपनीयता कुठवर पाळली जाईल आणि जिवाला धोका असेल तर ती कधी मोडली जाईल, हेही तेव्हाच विचारावं. तीन-चार भेटींनंतर थांबून दोघांनी मिळून पाहावं: मी इथे खरं बोलतोय का, की चांगला साधक दिसण्याची धडपड करतोय? थांबायचं झालं तर न सांगता गायब होऊ नये, एक शेवटची भेट ठरवून सांगावं. त्या भेटीत सोबत्याने तुम्हाला अडवण्यासाठी अपराधी वाटायला लावलं, तर थांबण्याचा निर्णय बरोबरच होता असं समजायला हरकत नाही.