मोफत तपासणी, लाल आकडा आणि साडेसात हजारांची पावडर

‘मोफत आरोग्य तपासणी’ असा फलक लावून घरोघरच्या किराणा खर्चाला हात घालणारा एक धंदा बेळगावातील आमच्या वडगाव-शहापूर भागात जोरात चालला आहे. त्यात प्रथिनांच्या पावडरीवर आमच्या घरचे साडेसात हजार रुपये गेले. ते पैसे बँकेत शिल्लक पडलेले नव्हते. मुलांच्या दुधा-अंड्यांचे होते. हा व्यवहार नेमका कसा जुळवला जातो, हे ज्यांच्या घरी अजून ती माणसे पोचलेली नाहीत त्यांना आधीच कळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. विकणाऱ्याचे किंवा कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नावे बदलतात आणि पद्धत तीच राहते.

आमचे पाच माणसांचे कुटुंब आहे. यजमान उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहेत आणि त्यांचा हिशेब आठवड्याला होतो, त्यामुळे घरखर्चही आठवड्याचाच धरावा लागतो. कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ रेशनवर मिळतो. तो सोडून खाण्यापिण्यासाठी आठवड्याला सोळाशे रुपये बाजूला ठेवायचे आणि शनिवारच्या बाजारात भाजी, कडधान्ये, ज्वारी, शेंगदाणे, अंडी यांची जुळणी करायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले की त्यातून तेलाचा डबा आणि मुलांच्या वह्या निघतात. या हिशेबात कोणतीही नवी वस्तू आली की जुनी एखादी बाहेर जाणारच.

गल्लीतील एका भाड्याच्या खोलीत ती तपासणी ठेवली होती. आत भिंतीवर सडपातळ झालेल्या माणसांचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते, टेबलावर डब्यांची उतरंड होती आणि मधोमध वजनकाट्यासारखे एक यंत्र होते. स्वतःला ‘कोच’ म्हणवणारा तरुण अत्यंत अदबीने बोलत होता. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला त्याने अनवाणी त्या यंत्रावर उभे केले, दोन्ही हातांत दांडे धरायला दिले आणि कागदावर आकडे लिहून काढले. त्यांतील दोन आकड्यांना त्याने लाल पेनाने गोल केला. ‘‘अक्का, पोरीचं शरीराचं वय चोवीस आलंय. प्रोटीन फारच कमी आहे. आत्ता लक्ष दिलं नाही तर उंची इथंच थांबेल,’’ एवढे बोलून तो गप्प बसला. शेजारी बसलेल्या दोन बायकांनी आपापल्या मुलांची उंची कशी वाढली ते लगेच सांगायला सुरुवात केली. त्या दोघी त्याच साखळीत विक्री करणाऱ्या होत्या, हे पुढे कळले.

हे यंत्र काय मोजते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण सारा डोलारा त्याच्यावर उभा असतो. शरीरातून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडायचा, त्याला किती अडथळा होतो ते पाहायचे आणि वय, उंची, वजन घालून चरबी व स्नायू यांचा अंदाज सूत्राने काढायचा, असे त्याचे काम चालते. प्रत्यक्ष मोजले जाते ते वजन आणि तो अडथळा. बाकीचे सगळे अनुमान. पाणी प्यायल्यावर, जेवल्यावर किंवा घाम गाळून आल्यावर तेच यंत्र त्याच माणसाचे वेगळे आकडे दाखवते. ‘शरीराचे वय’ हा आकडा प्रौढांसाठी बेतलेल्या सूत्रातून येतो, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीला तो लावणे निरर्थक आहे. आहारात प्रथिने पुरेशी आहेत की नाहीत, हे तर असे यंत्र सांगूच शकत नाही. ते ठरवायचे तर मूल काय खाते हे विचारावे लागते, आणि तो एक प्रश्न त्या खोलीत कोणीही विचारला नाही.

विचारला असता तर उत्तर सोपे होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम. आमची मुलगी सरकारी मराठी शाळेत जाते. तिथे २०१३ साली सुरू झालेल्या क्षीरभाग्य योजनेचे दूध मिळते आणि उकडलेले अंडेही मिळते. या दोन्हींतून दहा-अकरा ग्रॅम होतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून दहा ग्रॅम, शंभर ग्रॅम तांदळाच्या भातातून सात आणि मूठभर मसुराच्या आमटीतून सात ग्रॅम धरले तरी बेरीज चौतीस-पस्तिसावर जाते. घरचे दूध आणि शेंगदाण्याची चटणी मी यात धरलेलीच नाही.

मात्र लाल गोल समोर असताना आईच्या हातून अशी बेरीज होत नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. ‘फॅमिली कोर्स’ म्हणून पाचशे ग्रॅमचे चार डबे घ्यायचे होते. छापील किंमत प्रत्येकी २,१०० रुपये, सगळ्यांवर मिळून ‘खास सवलत’ देऊन ७,५००. एकदम द्यायला नसतील तर आठवड्याला पाचशे, आणि फरक पडला नाही तर पैसे परत, असे त्याने दोनदा सांगितले. पावती मागितल्यावर ‘‘ऑनलाइन बिल येईल’’ असे उत्तर मिळाले. ते बिल कधीच आले नाही. ‘‘ग्लासाला चौऱ्याण्णव रुपये पडतात, डॉक्टरच्या एका फेरीपेक्षा स्वस्त,’’ हे त्याचे वाक्य तर गल्लीतल्या प्रत्येक घरात पाठ झाले होते.

भाव नेहमी ग्लासावर सांगायचा, ही या धंद्यातील सर्वांत मोठी चलाखी आहे. डब्याच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘१७ ग्रॅम प्रथिने’ असे होते. त्या आकड्यापाशी एक चांदणी होती आणि तिचा खुलासा डब्याच्या मागे, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत केलेला होता: पंचवीस ग्रॅम पावडर अडीचशे मिलिलिटर दुधात घेतल्यास. अडीचशे मिलिलिटर दुधात मुळातच आठ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे पावडरीचे नऊ आणि आमच्याच दुधाचे आठ मिळून त्यांचे सतरा झाले होते. चार डब्यांत पावडरीचे ऐंशी ग्लास होतात, त्यांतून एकूण ७२० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यासाठी ७,५०० रुपये पडतात. हेच ७२० ग्रॅम तीन किलो मसुराच्या डाळीत असतात. शंभर रुपये किलोच्या भावाने त्या डाळीचे तीनशे रुपये होतात.

कोणत्याही वस्तूचा असा हिशेब घरबसल्या करता येतो. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने किती हे पाहायचे, त्यावरून किलोत किती होतात ते काढायचे आणि किलोच्या भावाला त्या आकड्याने भागायचे. पावडरीतील एक ग्रॅम प्रथिन आम्हाला दहा रुपये चाळीस पैशांना पडले. आमच्या बाजारातील भावाने मसुराच्या डाळीतील एक ग्रॅम बेचाळीस पैशांना पडतो, शेंगदाण्यातील छप्पन पैशांना आणि सोयावडीतील तर तीस पैशांच्याही आत. सात रुपयांच्या अंड्यातील ग्रॅम सव्वा रुपयाच्या आत मिळतो, दुधातील दीड रुपयाच्या आसपास. पावडरीतील प्रथिने पचायला डाळीपेक्षा थोडी हलकी असतात, हे मान्य केले पाहिजे; पण भाकरी-आमटी किंवा आमटी-भात एकत्र खाल्ला की डाळीत जे कमी असते ते धान्य भरून काढते, आणि पंचवीसपट किंमत मोजण्याएवढा फरक त्यात उरत नाही. आपल्या भागात भाताच्या पिकानंतर जमिनीतील ओलीवर घेतला जाणारा लहान दाण्याचा मसूर दारात मिळत असताना ही पावडर विकत घ्यायला लावणे, हे खरोखर कौशल्याचेच काम म्हटले पाहिजे.

खरे नुकसान हप्ते सुरू झाल्यावर झाले. सोळाशेतून पाचशे गेल्यावर अकराशे उरतात, आणि पाच माणसांच्या घरात अकराशेत काय बसवायचे याला फारसे पर्याय नसतात. तेल, ज्वारी, चहा-साखर कमी करता येत नाही. अंडी बंद झाली, दुधाची पिशवी एक दिवसाआड आली, शेंगदाणे अर्ध्यावर आले आणि मेथी-शेपूच्या पेंड्या निम्म्या झाल्या. पावडर दुधातूनच घ्यायची असल्यामुळे जे दूध येई ते तिच्यातच जाई. पावडरीतील नऊ ग्रॅम प्रथिनांसाठी आम्ही घरातील त्याहून कितीतरी जास्त प्रथिने, शिवाय पालेभाजीतील लोह, बाहेर काढत होतो. सासूबाईंनी स्वतःचे चहातले दूध सोडले, ते मला बऱ्याच उशिरा समजले.

मुलगी दमलेलीच राहिली, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी ती काय खाते ते विचारले, मग उंची-वजन पाहिले आणि रक्त तपासले. उंची-वजन वयाला धरून होते. हिमोग्लोबिन ११.२ निघाले, बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत ते बाराच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. तिला लोहाची कमतरता होती. गोळ्या तिथेच फुकट मिळाल्या. जेवणात पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा देऊ नका, एवढेच पथ्य सांगितले. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती मैत्रिणींच्या सांगण्यावरून टाकून देत होती, हेही त्या वेळी बाहेर आले.

डब्याचा खरा प्रकार उघडा पडला तो मोरीत. एक रिकामा डबा रवा भरण्यासाठी मी घासत होते. बुडावरच्या तारखेच्या चिकटपट्टीचा कोपरा पाण्याने सुटला. नखाने पट्टी खरवडली, तर खाली मूळ छापील तारीख दिसली. आम्ही डबा विकत घेतला त्याच्या चार महिने आधीच त्याची मुदत संपलेली होती. न उघडलेल्या डब्यावरही तशीच पट्टी होती. छापील तारीख झाकून वर नवी चिकटवणे हा अन्न सुरक्षा कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. त्याच डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असेही इंग्रजीत छापलेले होते, आणि रक्त वाढते, थायरॉईड जातो, साखर उतरते असे सांगून तो मराठीत विकला जात होता.

दरम्यान माझ्या जाऊबाईंना त्यांनी ‘आयडी’ घ्यायला लावला होता. ३,५०० रुपये भरायचे, स्वतःला डबे सवलतीत मिळणार आणि खाली माणसे जोडली की प्रत्येकाच्या खरेदीवर पॉइंट, अशी ती योजना. माणसांच्या साखळीतून होणाऱ्या अशा थेट विक्रीसंबंधी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार विक्रेता होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही. ओळखपत्राशिवाय किंवा आधी वेळ ठरवल्याशिवाय विक्रेत्याने कोणाच्या घरी जायचे नाही, असेही त्यांत आहे. विक्रेत्याने केलेल्या विक्रीबाबतच्या तक्रारींना कंपनीच जबाबदार राहते, हे त्यांतील सर्वांत उपयोगी कलम.

हे कलम माहीत असल्याचा फायदा झाला. कोचने आधी फोन उचलणे बंद केले आणि मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढले. कंपनीच्या मदत क्रमांकावर ‘‘तो स्वतंत्र विक्रेता आहे, आमचा संबंध नाही’’ असे ऐकवण्यात आले. तेव्हा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला नियमांचा हवाला देऊन लेखी तक्रार पाठवली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद केली. अशा अधिकाऱ्याने ४८ कामकाजाच्या तासांत पोच द्यायची असते आणि साधारण महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पोच आली, आणि न उघडलेल्या एका डब्याचे १,८७५ रुपयेही परत आले. उघडलेल्या तीन डब्यांचे पैसे देण्यास कंपनीने नकार दिला आहे, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करत आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही. चिकटवलेल्या तारखेची तक्रार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे वेगळी दिली आहे.

गल्लीतील ती खोली सध्या रिकामी आहे. तशाच मोफत तपासणीची पत्रके येळ्ळूरकडच्या रस्त्यावर वाटली जात असल्याचे जाऊबाई सांगतात. ज्यांनी डबे आधीच घेतले आहेत, त्यांनी बुडावरची तारीख नखाने खरवडून पाहावी आणि पट्टी निघालीच तर ती फेकू नये. पट्टी, मूळ तारीख आणि बॅच क्रमांक एकाच फोटोत येतील असा फोटो घ्यावा. हप्ते रोख न देता फोनवरून पाठवले असतील तर त्यांच्या नोंदी आणि कोचचे संदेश जपून ठेवावेत. बिल नसताना आमच्या तक्रारीला आधार मिळाला तो या नोंदींचाच.